अ‍ॅरेची घरे आणि आपली आडनावे

स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला गेला, तेव्हा संपादक मंडळाला बहुधा आठवणींचा लेख अपेक्षित असावा. पहाटेची घंटा, जेवणाच्या पंगती, रविवारी अंगणभर वाळत घातलेले कपडे, यांविषयी आमच्यापेक्षा समर्थपणे लिहिणारे पुष्कळ जण या अंकात आहेत. आम्ही मात्र एका रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयाची बाजू मांडण्यासाठी ही पाने घेत आहोत. आम्ही म्हणजे याच शाळेतून बाहेर पडून संगणकाच्या व्यवसायात पोट भरणारे आणि सुट्टीत येऊन नववी-दहावीच्या मुलांना संगणक शिकवणारे काही माजी विद्यार्थी.

आमचे म्हणणे असे आहे. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे असेल, तर ठरावीक लांबीचा अ‍ॅरे मेमरीत कसा साठवला जातो हे फळ्यावर घरे आखून, बाइट मोजून शिकवावे आणि त्यासाठी सी ही जुनी भाषा अभ्यासातून काढू नये. गेल्या पालकसभेत या म्हणण्याला विरोध झाला. आठवड्याला संगणकाचे दोनच तास मिळतात, ते पन्नास वर्षांपूर्वीच्या भाषेत का घालवायचे, आजकाल तर यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, असे पालक म्हणाले. हा विरोध आकसाचा नव्हता. ज्यांनी शेतमजुरी करून, ऊसतोडीला जाऊन मुलांना येथे ठेवले आहे, त्यांना प्रत्येक तासाचा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. त्या सभेत आम्हांला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी आधी मूळ गोष्ट सांगतो. आपल्या शयनगृहात भिंतीलगत पत्र्याच्या पेट्यांची रांग असे. समजा, सगळ्या पेट्या एकाच मापाच्या आहेत, दोन पेट्यांत बोटभरही फट नाही आणि पहिली पेटी कोठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मग अठरावी पेटी शोधायला एकेक पेटी उघडून पाहावी लागत नाही. अलीकडच्या सतरा पेट्यांची रुंदी मोजून तेवढे पुढे गेले, की अंधारातही हात नेमका अठराव्या पेटीवर पडतो. अ‍ॅरे म्हणजे अशीच रांग. संगणकाची मेमरी ही बाइटांची एक लांबलचक ओळ आहे आणि प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता आहे. चाळीस विद्यार्थ्यांचे गुण ठेवण्यासाठी पूर्णांकांचा ४० घरांचा अ‍ॅरे मागितला आणि एक पूर्णांक ४ बाइट घेत असेल (आजच्या नेहमीच्या यंत्रांवर तो तेवढेच घेतो), तर सलग १६० बाइट राखून ठेवले जातात. रांगेचा आरंभ १००० या पत्त्यावर धरला, तर पहिला पूर्णांक १००० वर, दुसरा १००४ वर आणि चाळिसावा ११५६ वर येतो. आरंभाचा पत्ता घ्यायचा आणि त्यात क्रमांक गुणिले ४ मिळवायचे. घर पहिले असो की शेवटचे, शोधायला वेळ सारखाच लागतो.

येथेच मुलांना पडणारे एक जुने कोडे सुटते. सीमध्ये पहिल्या घराचा क्रमांक ० का? कारण तो क्रमांक मोजणीचा नसून अंतराचा आहे. पहिल्या पेटीपर्यंत जायला शून्य पेट्या ओलांडाव्या लागतात. हे एकदा फळ्यावर पाहिले, की मूल ते पाठ करत नाही, त्याला ते दिसते.

लांबी आधीच ठरवून का द्यायची, याचेही उत्तर याच रांगेत आहे. १६० बाइट राखल्यावर ११६० पासूनची जागा दुसऱ्या कोणाला तरी दिलेली असते. पंगत मध्येच वाढवता येत नाही, कारण पलीकडे दुसरी पंगत बसलेली आहे. अ‍ॅरे एखाद्या फंक्शनच्या आत मागितला, तर तो सामान्यतः स्टॅक नावाच्या भागात बसतो आणि फंक्शन संपताच ती जागा मोकळी होते. अशा अ‍ॅरेच्या घरांत आपण काही भरेपर्यंत आधीच्या वापरकर्त्याचा गाळ पडून असतो. सर्व फंक्शनांच्या बाहेर मागितला, तर तो प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकतो आणि त्याची घरे आरंभी शून्याने भरलेली मिळतात. एकाच ओळीची जागा बदलली म्हणून उत्तर बदलते, हे पाहून मुले चक्रावतात. चक्रावू द्यावे.

आता खरा मुद्दा. त्या १६० बाइटांत चाळीस संख्या आहेत, परंतु ‘चाळीस’ हा आकडा कोठेही लिहिलेला नाही. जेथे अ‍ॅरे मागितला तेथे कंपायलरला त्याचे माप ठाऊक असते. तेथे विचारले तर तो १६० असे सांगतो. मात्र तोच अ‍ॅरे दुसऱ्या फंक्शनकडे सोपवला, की सोबत फक्त आरंभाचा पत्ता जातो. तेथे माप विचारले तर आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर उत्तर येते ८, कारण ते पत्त्याचे स्वतःचे माप असते. रांग कोठे सुरू होते ते कळते, ती कोठे संपते ते कळत नाही. एक्केचाळिसावे घर मागितले तर सी भाषा अडवत नाही. ती गुणाकार-बेरीज करते, ११६० हा पत्ता काढते आणि तेथे जे असेल ते आणून देते. लिहायला सांगितले तर लिहूनही येते. ती जागा कोणाची आहे हे पाहणे तिच्या कामात येत नाही.

ही रचना कोणाच्या आळसातून आलेली नाही, हे सांगणे न्यायाचे होईल. १९७२ च्या आसपास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ही भाषा घडवत होते. त्याआधीच्या केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेत प्रत्येक अ‍ॅरेसोबत त्याच्या आरंभाचा पत्ता ठेवणारे एक वेगळे घर असे. रिचींना अशी रचना हवी होती, की डिस्कवर जसे बाइट आहेत तशीच नोंद प्रोग्रॅममध्ये मांडता यावी. त्यांच्यापुढचे उदाहरण युनिक्सच्या डिरेक्टरीचे होते. तिची एक नोंद म्हणजे २ बाइटांचा क्रमांक आणि त्याला लागून १४ अक्षरांचा नावाचा अ‍ॅरे, एकूण १६ बाइट. या नेमक्या सोळांत पत्त्याचे गुप्त घर बसवायचे कोठे? म्हणून त्यांनी ते घरच काढून टाकले आणि अ‍ॅरेचे नाव उच्चारले की त्याच क्षणी आरंभाचा पत्ता तयार व्हावा, असा नियम केला. ज्या पीडीपी-११ यंत्रावर हे चालले होते, त्याच्या पत्त्यांना १६ बिट होते. एका प्रोग्रॅमला एका वेळी ६४ किलोबाइटपलीकडचे काही दिसतच नसे. एकेक बाइट वाचवण्याची ती काटकसर होती आणि काटकसरीचे मोल आपल्या शाळेतल्यांना वेगळे सांगायला नको. मात्र त्या काटकसरीची किंमत पुढे कोणी कोणी चुकवली, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांत आधी आमचीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळी वर्गात मुलांसमोर हजेरीपटाचा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही लिहिला. प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंद ठेवली. तीत आडनावासाठी २० बाइटांचा अ‍ॅरे आणि त्याला लागून ४ बाइटांचा हजेरी क्रमांक, अशी चोवीस बाइटांची नोंद होती. अशा चाळीस नोंदी सलग मांडल्या. रोमन लिपीत नावे घालून पाहिली, सगळे बिनचूक चालले. मग एका मुलीने विचारले, “सर, मराठीत लिहिलं तर चालेल ना?” आम्ही मोठ्या दिमाखात चालेल म्हणालो.

मुलांनी आडनावे देवनागरीत भरली आणि यादी छापली. कांबळे, साळवे, जाधव यांच्या नोंदी ठीक होत्या. गायकवाड आडनावाची दोन मुले वर्गात होती. दोघांचीही आडनावे बरोबर छापली गेली, परंतु दोघांचाही हजेरी क्रमांक १६१ आला. वाघमारे यांचा १३५ आणि निकाळजे यांचाही १३५. वर्गात मुले चाळीस. सूर्यवंशीचे तर विचारूच नका. त्याचा क्रमांक उणे १२३ कोटींच्या घरात गेला होता आणि आडनावाच्या जागी ‘सूर्यवंशकांबळे’ असे छापले होते, कारण त्याच्या पुढच्या क्रमांकावर कांबळे होती. वर्ग हसून लोटपोट झाला. तो मुलगा हसला नाही, हे आमच्यापैकी एकाच्या लक्षात आले.

कारण शोधायला आम्ही सगळे फळ्याकडे वळलो. संगणकावर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. चिन्ह म्हणजे केवळ अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. गायकवाड आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचे दिसते. संगणकाला ती सात चिन्हे आहेत. सात त्रिक एकवीस बाइट. शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून एक शून्य, एकूण बावीस. घर विसांचे. उरलेले दोन बाइट शेजारच्या घरात, म्हणजे हजेरी क्रमांकात जाऊन पडले. क्रमांक आधी भरला होता, आडनाव नंतर. त्यामुळे क्रमांक पुसला गेला. ‘ड’ या अक्षराच्या तीन बाइटांपैकी शेवटच्याची किंमत १६१ आहे, आणि म्हणून प्रत्येक गायकवाडचा क्रमांक १६१. मात्रेच्या शेवटच्या बाइटची किंमत १३५, म्हणून ‘रे’ने संपणारे वाघमारे आणि ‘जे’ने संपणारे निकाळजे एकाच क्रमांकावर आले. कांबळे सहा चिन्हांचे, अठरा अधिक एक एकोणीस; थोडक्यात वाचले. सूर्यवंशी डोळ्यांना चार अक्षरांचे, परंतु चिन्हे नऊ आणि बाइट सत्तावीस. ते हजेरी क्रमांक ओलांडून पुढच्या नोंदीत शिरले. पुढे कांबळे भरली गेली तेव्हा तिने आपली जागा परत घेतली, त्यात याची शेवटची वेलांटी गेली आणि मधली शून्याची खूण नाहीशी झाल्याने दोन आडनावे जोडून वाचली गेली.

हा हिशेब मुलांनी स्वतः केला. आमच्यापैकी कोणी तो सांगितला नव्हता. खरे तर यादी छापली गेली त्या क्षणी आम्हांलाही तो सुचला नव्हता. १६१ हा आकडा कोठून आला हे ज्या मुलीने शोधून काढले, तिला त्याआधीच्या परीक्षेत संगणकात जेमतेम गुण होते.

या प्रसंगातून आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. अ‍ॅरेची लांबी हा केवळ आकडा नसतो. कोणाचे नाव या घरात मावेल, याचा तो निर्णय असतो. तो वीस आम्ही एका पाठ्यपुस्तकातील उदाहरणावरून उचलला होता, आणि त्या उदाहरणातील माणसांची नावे रोमन लिपीत होती. त्या लिपीत गायकवाड सात अक्षरांत मावते. आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांना लागणारी जागा तिप्पट आहे, हे आम्हांला, म्हणजे याच शाळेत मराठीत शिकलेल्यांना, सुचले नाही. अर्जावर अर्धे छापलेले आडनाव, पावतीवर शेवटच्या अक्षराऐवजी आलेली चौकट हे आपण पुष्कळ वेळा पाहतो आणि ‘मशीनची चूक’ म्हणून सोडून देतो. अशा चौकटीमागे अनेकदा कोणीतरी योजलेली लांबीच असते. २० बाइटांत गायकवाड कापून बसवा: शेवटच्या शून्यासाठी एक सोडला तर एकोणीस उरतात, त्यांत सहा चिन्हे पूर्ण बसतात आणि ‘ड’चा एकच बाइट निराधार राहतो. ती चौकट म्हणजे तो बाइट.

आमची चूक वर्गातल्या हशावर निभावली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत तसे झाले नाही. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम आपोआप एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला आणि तेव्हाच्या इंटरनेटवरील हजारो संगणक अडखळले. त्याने वापरलेल्या अनेक वाटांपैकी एक हीच होती. ‘फिंगर’ नावाची सेवा बाहेरून आलेली ओळ ५१२ बाइटांच्या अ‍ॅरेत घेत असे आणि ज्या फंक्शनने घेत असे, ते लांबी पाहतच नसे. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ बाइट पाठवले. जादा बाइट स्टॅकवर जेथे पडले, तेथे ‘हे काम संपल्यावर कोठे परतायचे’ तो पत्ता लिहिलेला होता. तो बदलला आणि यंत्र पाहुण्याच्या हुकमाने चालू लागले. ते फंक्शन, गेट्स त्याचे नाव, सी भाषेच्या अधिकृत प्रमाणातून २०११ मध्ये काढले गेले. मधली तेवीस वर्षे गेली, याचे आम्हांला अजून नवल वाटते.

हे टाळता येत नव्हते असेही नाही. इंग्लंडमधील एलियट ब्रदर्स कंपनीत १९६० च्या दशकात टोनी होअर यांनी अल्गोल ६० भाषेचा कंपायलर तयार केला, तो अ‍ॅरेचा प्रत्येक क्रमांक दर वेळी मर्यादेत आहे का हे तपासत असे. त्यात वेळ जाई. पुढे ग्राहकांना विचारले गेले, की ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ का? सर्वांनी एकमुखाने नको म्हटले. रोजच्या कामात अशा चुका किती होतात हे ते पाहत होते. होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही हकीकत सांगितली आणि पुढच्या भाषाकारांनी हा धडा घेतला नाही याबद्दल खंत व्यक्त केली. आमचे मत होअर यांच्या बाजूचे आहे. लोकांच्या कामाचे प्रोग्रॅम मर्यादा तपासणाऱ्या भाषेतच लिहावेत. जावामध्ये अ‍ॅरेसोबत त्याची लांबी साठवलेली असते. गो आणि रस्टमध्ये लांबी ही त्या अ‍ॅरेच्या प्रकाराचाच भाग असते, चाळिसांचा अ‍ॅरे आणि एक्केचाळिसांचा अ‍ॅरे हे तेथे दोन वेगळे प्रकार. या तिन्ही भाषांत मर्यादेबाहेरचे घर मागितले तर प्रोग्रॅम शेजारी न घुसता थांबतो.

मग पालक विचारतील, त्याच भाषा आधी शिकवा की. आमच्यातही एकाचे मत असेच आहे आणि हा लेख लिहितानाही तो पूर्णपणे पटलेला नाही. इतरांचे उत्तर असे, की तपासणी काय वाचवते हे ज्याने पाहिलेले नाही, त्याला ती अडवणूक वाटते. जावाने थांबवले तर मूल म्हणते, ‘एरर आली’, आणि क्रमांक एकाने कमी करून पाहते. सीमध्ये त्याला शेजाऱ्याचा क्रमांक १६१ झालेला दिसतो. आणि पायथॉन? तेथील लिस्ट हवी तेवढी वाढते, लांबी द्यावी लागत नाही, हे खरे. परंतु पायथॉनची नेहमी वापरली जाणारी आवृत्ती सीमध्येच लिहिलेली आहे, आणि तिच्या लिस्टच्या पोटात पत्त्यांची एक सलग रांगच असते. ती भरली, की मोठी जागा मागून घेतली जाते आणि गरज पडल्यास सगळे पत्ते तेथे हलवले जातात. मर्यादा नाहीशी झालेली नसते, ती सांभाळण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी आधी करून ठेवलेले असते. ते काम करणाऱ्यांत आपलीही मुले असावीत, एवढीच आमची इच्छा आहे.

यंत्र प्रोग्रॅम लिहून देते, हा आक्षेप राहिला. देते, आणि आम्हीही ते रोज वापरतो. ते लिहून देईल त्यातला वीस पुरेसा आहे की नाही, हे कोणी पाहायचे?

आमची मागणी मोठी नाही. नववीच्या एका सत्रातले सहा आठवडे, म्हणजे बारा तास द्यावेत. चौकटीच्या वह्या, खडू आणि प्रयोगशाळेतील आहेत तेच जुने संगणक पुरतील. सी भाषेला याहून अधिक लागत नाही. पहिले दोन तास संगणक बंदच राहील, त्यांत मुलांनी वहीत बाइटांची घरे आखून स्वतःचे आडनाव भरायचे. मग अ‍ॅरे, मग चाळीस मुलांच्या सहा विषयांचा तक्ता ओळीमागून ओळ मेमरीत कसा उलगडतो ते. उरलेल्या तासांना हजेरीपट दुरुस्त करायचा. तो उन्हाळ्यातला प्रोग्रॅम आम्ही जपून ठेवला आहे आणि त्यातला वीस हा आकडा मुद्दाम बदललेला नाही.